चौथा स्पर्श

एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत नव्या येणाऱ्या पोरापोरींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत आले. तीनदा. केसाच्या टोकाने किड्याला डोक्याशी एकदा शिवायचं, शेपटीशी एकदा, परत डोक्याशी एकदा. हलला तर हलता. नाही हलला तर थिजला, आणि वहीत तशी रेघ ओढायची. चौथ्यांदा शिवायचं नाही. चौथ्यांदा शिवणारा माणूस किडा बघत नसतो, स्वतःच्या मनातलं बघत असतो.

हे सांगायचे मीच. आणि चौथ्यांदा शिवले तीही मीच.

आमचे किडे स्वल्पविरामाएवढे. काचेसारखे आरपार दिसणारे, आगरच्या जेलीच्या ताटलीवर वळवळत जीवाणू खाणारे. रूथबाई ऑस्ट्रँडर यांचा सगळा जन्म त्यांच्यात गेला. मज्जातंतू स्नायूला 'हल' म्हणून निरोप कसा धाडतो, आणि कुठल्या जनुकातलं कुठलं अक्षर चुकलं की तो निरोप बिघडतो, एवढा एकच प्रश्न त्यांनी चाळीस वर्षं धरून ठेवला. सेंट लुईसमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली तेव्हा मी ताटल्यांत आगर ओतायला लागले, आणि पुढे मोजणीला माझ्यासारखा हात दुसरा नाही असं सगळे म्हणू लागले.

आमच्या चर्चच्या मासेतळणीच्या दिवशी तिथले वयस्कर सेवक, डीकन पर्व्हिस, दर वर्षी मला तेच विचारायचे. "भगिनी व्हर्लीन, म्हणजे सरकार तुम्हाला किड्यांना गुदगुल्या करायचा पगार देतं?"

"देतं ना. तुम्ही उपासनेत घोरता, ते मात्र फुकट."

"मी घोरत नाही, बाई. मी पाळकसाहेबांना खालचा सूर देतो."

पाळकसाहेब म्हणजे माझा धाकटा भाऊ, थिओटिस. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी पंधराची. त्याला मी वाढवला म्हणण्यापेक्षा त्याच्या आवाजाने आम्हा दोघांना वाढवलं. न्यू गिलगाल चर्चच्या व्यासपीठावर तो उभा राहायचा तेव्हा आधी नुसता बोलायचा, शेजारच्याशी बोलावं तसा. हळूहळू वाक्याच्या शेवटाला सूर चिकटायचा. ऑर्गनवाला मागून एक पट्टी हलकेच दाबायचा, दोघे एकमेकांना चाचपायचे, आणि मग बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळायचं नाही. माझ्यासारख्या बाईला, जिचा आठवडा मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून जातो, त्या अर्ध्या तासात वाटायचं की प्रभू ह्याच बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसलाय. सांगताना त्याचा गळा दाटून आला की सगळी मंडळी म्हणायची, "सावकाश, पाळकसाहेब, सावकाश." आमच्याकडे अडखळणाऱ्याला गप्प बसून बघत नाहीत. त्याला वेळ देतात, आणि वेळ दिला हे तोंडाने सांगतात.

पन्नाशी ओलांडली आणि थिओटिसच्या पापण्या जड झाल्या. मग बोटं उचलेनात. मग मान. आईच्या हातून कप पडायचे, आणि आम्ही लहानपणी तिला हसायचो, ते मला आठवलं. तपासण्यांत नेमकं काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. पहिल्या गोळीनंतर चाळीस मिनिटांत त्याने मान वर केली. त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तो असा गायला की डीकन पर्व्हिससुद्धा जागे राहिले.

पुढच्या हिवाळ्यात रक्तातल्या जनुकांची तपासणी झाली. एका जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. माझ्यात ते नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हे अक्षर म्हणजे काहीच नसेल, किंवा सगळं हेच असेल. पुरावा नाही. गोळीनं बरं वाटतंय तोवर चालू ठेवू."

त्यांना काय म्हणायचं होतं ते त्या खोलीत फक्त मला कळलं. मज्जातंतूचं टोक थेंब टाकतं. स्नायूवर बारीक दारं असतात. थेंब पडला की दार उघडतं, स्नायू आकसतो. मग एक पुसणारी असते, ती थेंब पुसते, दार मिटतं, स्नायू सैल पडतो. थिओटिसची गोळी त्या पुसणारीचे हात धरून ठेवत होती, म्हणजे थेंब जास्त वेळ राहावा. थेंब किंवा दारं कमी पडत असतील तर ते वरदान. पण दारंच मिटत नसतील, तर सुरुवातीला बरं वाटलं तरी ते पूर आलेल्या घरात आणखी पाणी ओतणं होतं. आणि त्याचं बदललेलं अक्षर दाराच्याच जनुकात होतं.

मी रूथबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "किड्यातही हेच दार आहे, व्हर्लीन. तेच अक्षर किड्यात घालू आणि विषाच्या ताटलीवर ठेवून बघू. दारं मिटत नसतील तर तो किडा इतरांच्या आधी थिजेल. मी स्वतः तुझ्या भावाच्या डॉक्टरांना कळवेन."

त्या विषाचं कामही गोळीसारखंच, फक्त निर्दय. पूर्वी ते शेतात कीड मारायला घालत. पुसणारीचे हात ते कायमचे बांधतं. थेंब साठत जातात, स्नायू आकसतो तो आकसूनच राहतो, आणि किडा काडीसारखा होतो. किती मिनिटांत होतो, ते आम्ही मोजतो.

मेइलिन नावाची हुशार मुलगी तेव्हा आमच्याकडे संशोधन करायची. तिने तीन महिन्यांत तो किडा तयार केला. मध्ये ती दोन आठवडे घरी तैवानला गेली, तेव्हा त्या किड्यांना एका ताटलीवरून दुसरीवर हलवायचं, खायला घालायचं काम माझ्याकडे आलं. चूक तिथून सुरू झाली. ते किडे मागे वळताना क्षणभर थांबायचे आणि शहारायचे. फार बारीक. घरच्या माणसाची पावलं जिन्यावर ओळखू येतात, तसे ते मला ओळखू यायला लागले.

आमच्याकडे मोजणी आंधळी असते. एकजण ताटल्यांवर नुसते आकडे घालतो, दुसरा मोजतो, आणि मोजणाऱ्याला कुठली ताटली कुणाची ते ठाऊक नसतं. मोजणीच्या आदल्या दिवशी रूथबाई माझ्या टेबलाशी आल्या. "तुला ते ओळखू तर येत नाहीत ना गं? येत असले तर दुसऱ्या कोणाला बसवू."

"सगळे किडे सारखेच, रूथबाई."

असं मी म्हणाले. का म्हणाले? आदल्या रविवारी जेवताना थिओटिस मला म्हणाला होता, "ताई, ती गोळी गेली की माझा सूर गेला. सप्टेंबरात ह्या व्यासपीठावर माझी पंचवीस वर्षं भरतायत. तेवढं होऊ दे. तुझ्या किड्यांना सांग, माझ्या सुराला हात लावू नका."

"किडे माझं ऐकत नाहीत," मी म्हणाले.

"मग तू केसाने समजाव त्यांना," तो हसला. "केस तर माझाच आहे."

ते खरं होतं. आमच्याकडे शिवायच्या काडीला भुवईचा केस चिकटवतात. तो मऊ असतो, किड्याला इजा करत नाही. जो तो आपलाच उपटतो. माझ्या भुवया विरळ, थिओटिसच्या झाडूसारख्या. वर्षानुवर्षं माझ्या काडीला त्याचाच केस असायचा.

जूनमधला मंगळवार होता. आठ ताटल्या, प्रत्येकीवर पंचवीस किडे. दर अर्ध्या तासाने सगळ्यांना शिवायचं. मेइलिन घड्याळ लावून शेजारी वही घेऊन बसली. पहिल्या अर्ध्या तासातच मला कळलं की तीन, पाच, सहा आणि आठ ह्या ताटल्या थिओटिसच्या अक्षराच्या आहेत. तासाला तिथले किडे मंदावले. एकाला डोक्याशी शिवले. शेपटीशी. डोक्याशी. तो हलला नाही. मी थांबले. मेइलिन वाट बघत होती. मला वाटलं, किंचित हलला असेल, मला दिसलं नसेल. मी अजून एकदा शिवले, जरा दाबून. तो टोकाशी वाकला.

"हलता," मी म्हणाले.

बाकीच्या चार ताटल्यांवर मी तीनच्या पुढे गेले नाही. ह्या चारांवर गेले. कधी चार, कधी पाच वेळा. मी खोटं मोजतेय असं तेव्हा मला एकदाही वाटलं नाही. मनातल्या मनात आमचं एक स्तोत्र चाललं होतं, आणि प्रत्येक वाकलेला किडा मला त्या स्तोत्राचं उत्तर वाटत होता.

मोजणी संपल्यावर कुठला आकडा कुणाचा ते उघडलं. आलेखावर दोन रेघा एकीवर एक पडल्या. मेइलिन म्हणाली, "काही फरक नाही. व्हर्लीन, तुझ्या भावाचं अक्षर निरुपद्रवी दिसतंय." रूथबाईंनी विचारलं, "पुन्हा एकदा करायचं का?" मी म्हणाले, "स्वच्छ तर आहे." त्यांचा माझ्या हातावर एकतीस वर्षांचा भरवसा होता. त्यांनी डॉक्टरांना पत्र लिहिलं. डॉक्टरांनी ते अक्षर बाजूला ठेवलं आणि दिवसाच्या गोळ्या चारांवरून सहा केल्या.

थिओटिसची बायको अर्नेस्टीन चर्चच्या सेविकांपैकी. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. उपासनेत कुणी भरून येऊन कोसळलं की धावत जाऊन त्याला पंखा घालणाऱ्या ह्या बायका. घरी ती गोळी कुटून सफरचंदाच्या गरात कालवायची आणि सहा वेळा, गजर लावून, त्याला चमच्याने भरवायची. जुलैत तो हनुवटीला हात लावून बोलायला लागला. मंडळीला वाटलं, पाळकसाहेब विचार करतायत. ऑगस्टात त्याचे शब्द ओले, घोगरे झाले. डॉक्टर म्हणाले, आजार वाढतोय. मीही तेच म्हणाले. स्वतःच्या डोळ्यांनी आलेख बघितला होता ना मी.

सप्टेंबरच्या त्या रविवारी न्यू गिलगालमध्ये बसायला जागा नव्हती. गुलाबी फुलं, नवी सतरंजी, हातात सगळ्यांच्या पुठ्ठ्याचे पंखे. थिओटिस व्यासपीठाला धरून बोलायला लागला. वीस मिनिटं नुसता बोलला. मग ऑर्गनवाल्याने ती पट्टी दाबली. थिओटिसने सूर घेतला, एक पायरी चढला, दुसरी चढला. तिसरीला तोंड उघडं राहिलं आणि आवाज आला नाही. मान पुढे पडली.

"सावकाश, पाळकसाहेब," मंडळी म्हणाली. "सावकाश."

ऑर्गनवाला तो एकच सूर धरून राहिला. सगळ्यांना वाटलं, त्याचा गळा दाटलाय. मी पहिल्या बाकावरून बघत होते. त्याचा हात व्यासपीठाच्या कडेवर होता, बोटं वाकलेली आणि ताठ, आणि ती तशीच राहिली. हे मी आधी पाहिलं होतं. हजारो वेळा पाहिलं होतं. मी उठेपर्यंत तो खाली गेला होता.

रुग्णालयात त्याला श्वासाच्या यंत्रावर घातलं.

सोमवारी सकाळी मी मेइलिनला म्हणाले, "ती मोजणी परत कर. तू मोज. प्लॅटिनमच्या तारेने शीव, माझी काडी नको. मी हात लावणार नाही."

"का? झालं काय?"

"आधी मोज."

मी तिच्या मागे स्टुलावर बसून राहिले. तासाच्या ठोक्याला तिने पहिली ताटली घेतली. तीन स्पर्श, आणि ती पुढे जात होती. तीन स्पर्श, पुढे. किती सहज. साध्या किड्यांच्या ताटल्यांवर पंचवीसपैकी चार थिजले होते. त्याच्या अक्षराच्या ताटल्यांवर एकवीस, बावीस, एकवीस, तेवीस.

मेइलिनने वहीवरून मान वर केली. "जूनमध्ये असं नव्हतं आलं."

"जूनमध्ये मी चौथ्यांदा शिवत होते," मी म्हणाले.

रूथबाईंच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं, 'सगळे किडे सारखेच' हेसुद्धा. त्यांनी आधी फोन उचलला, डॉक्टरांना गाठलं, आकडे वाचून दाखवले, गोळी थांबवायला सांगितली. मग फोन ठेवून माझ्याकडे वळल्या.

"तुला मोजायला बसवलं, ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "बाकीची तुझी."

"हो."

"ह्यापुढे तुला मोजणी देता येणार नाही, व्हर्लीन."

"नकाच देऊ."

गोळी बंद झाली. मिटत नसलेली दारं थोडी लवकर मिटावीत म्हणून दुसरं औषध सुरू झालं. तीन आठवड्यांनी यंत्र निघालं, पण गळ्यातली नळी राहिली, आणि मान पट्ट्याशिवाय उभी राहिना. वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या दारांनी स्नायू कुरतडला होता. मी डॉक्टरांना विचारलं, त्यात आजारानं किती आणि त्या गोळ्यांनी किती? ते म्हणाले, ते आता कोणी सांगू शकणार नाही. हा आकडा मात्र मला कुठल्याच ताटलीवर मिळणार नव्हता.

थिओटिस घरी आला त्या आठवड्यात मी त्याच्या पलंगाशी बसले आणि सांगितलं. बोलायचं असलं की तो नळीच्या भोकावर बोट ठेवायचा, मग कागद फाटावा तसा आवाज यायचा.

"किती दिवस?"

"जून ते सप्टेंबर."

"तुला ठाऊक होतं?"

"नाही. मला वाटलं, एकदा जास्त शिवल्यानं काय होतंय."

मी वाट बघत होते की तो मला काहीतरी म्हणेल. लोकांच्या पापांना उत्तर देण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. त्याने बोट ठेवलं. "केस माझाच होता ना?"

"हो रे."

त्याने डोळे मिटले. मग पुन्हा बोट ठेवलं. "आधी अर्नेस्टीनला सांग. मग मंडळीला. मी नाही सांगणार."

अर्नेस्टीन स्वयंपाकघरात त्याचं पातळ जेवण गाळत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तिने गाळणी ठेवली, हात पुसले, परत पुसले.

"दिवसातून सहा वेळा, व्हर्लीन," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "गजर लावून. तो नको म्हणायचा. जीभ जड होते म्हणायचा. मी म्हणायचे, गिळ, तुझ्या बहिणीनं तपासलंय."

मी तिच्या हातांकडे बघत होते.

"माझ्या हातानं," ती म्हणाली. "तू माझा हात वापरलास." आणि ती परत गाळायला लागली.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी मी साक्षीच्या वेळेला, म्हणजे मंडळीसमोर आपलं सांगायच्या वेळेला, उभी राहिले. व्यासपीठावर आता एक तरुण पाळक असतो. चांगला मुलगा आहे. तो बोलतो, गात नाही. थिओटिस पहिल्या बाकाच्या कडेला चाकाच्या खुर्चीत होता, हनुवटी पट्ट्यावर टेकलेली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"मी पाळकसाहेबांच्या किड्यांना चौथा स्पर्श केला," मी म्हणाले.

कुणालाच कळलं नाही. मग मला अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं. थेंब, दार, पुसणारी. तीनचा नियम. रूथबाईंनी विचारलेला प्रश्न आणि माझं उत्तर. आमच्या चर्चमध्ये माणूस शिंकला तरी कुणीतरी 'आमेन' म्हणतं. मी सांगत होते आणि कुठूनही हुंकार येत नव्हता. पंखे मांडीवर पडले होते. पुढचं वाक्य होतं 'त्याचा सूर मी घालवला', आणि ते काही केल्या बाहेर पडेना. मी बाकाची कड धरून नुसती उभी.

मग मागच्या बाकावरून डीकन पर्व्हिस यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "सावकाश, भगिनी," ते म्हणाले. दुसरं कुणी बोललं नाही.

मी ते वाक्य बोलले. आणि मी खाली कोसळले.

कुणी कोसळलं की सेविकेने उठायचं असतं, ज्या बाजूला ज्या सेविकेची पाळी असेल तिने. त्या रविवारी आमच्या बाजूला अर्नेस्टीनची पाळी होती. पांढरे बूट सतरंजीवरून येताना मला दिसले, आणि माझ्या बाकाशी येऊन थांबले. वर बघायचा मला धीर झाला नाही. थोड्या वेळाने मानेवर वारा लागला. एक झुळूक, मग दुसरी, सारख्या अंतराने, गजर लावल्यासारखी. मी मान वर केली. पांढरा हातमोजा माझ्या तोंडासमोर पंखा हलवत होता, आणि अर्नेस्टीन समोरच्या भिंतीकडे बघत होती.